एकच जाळी

शाकाहार नेमका असतो कुठे? पोटात, मनात, की शेगडीच्या जाळीवर? हसू नका. २०१९ साली अमेरिकेत एक कट्टर शाकाहारी गृहस्थ याच प्रश्नावरून कोर्टात गेला. बर्गर किंगने त्याचा सोयाबीनचा बर्गर मांसाच्याच जाळीवर भाजला, ही त्याची तक्रार. २०२० साली दावा निकालात निघाला. कंपनीने बिनमांसाची चकती कबूल केली होती, ती दिली. जाळीचं बोलणंच झालं नव्हतं. बी.कॉम.ला मर्कंटाइल लॉ घेतलेल्या माझ्या डोक्याला हे पटलं. पोटाला पटेना.

मग जमाखर्च मांडला. (दुसरं येतंय काय आम्हाला?) शाकाहाराची खाती दोन: एक हिंसेचं, एक विटाळाचं. जाळीला चिकटलेल्या चरबीपायी आणखी एक कोंबडीही मरत नाही, म्हणजे हिंसेच्या खात्यात शून्य. उरला निव्वळ विटाळ, आणि तो आपण बिनदिक्कत अहिंसेच्या नावावर जमा करतो! याच विटाळाच्या खात्यावर आपल्याकडे माणसंसुद्धा टाकली होती. महाडच्या चवदार तळ्यावर गुरं पाणी पीत. तेच पाणी ओंजळीत घ्यायला माणसांना १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. वर नंतर सनातन्यांनी तळंच शुद्ध करून घेतलं. हे आठवलं की जाळीबद्दल कुरकुरताना जीभ जरा अडखळते.

पण किळस काही ठराव करून जात नाही. सत्तरीच्या बाईला ‘तुमचं लॉजिक चुकतंय’ म्हणत तुपकट जाळी पुढे करणं हा निव्वळ दांडगावा. माझ्या डोळ्यांसमोर आमची काकू आहे. गेल्या उन्हाळ्यात साठवलेली रजा काढून मी तिला घेऊन न्यू जर्सीला चुलतभावाकडे गेलो. तिथे उन्हाळा आला की माणसं घरातली शेगडी सोडून अंगणात कोळसे पेटवतात. त्याला कुकआउट म्हणायचं. शेजाऱ्यांनी बोलावलं होतं. शाकाहारी तिथे उपाशी राहतो हा गैरसमज आहे. सालासकट भाजलेली कणसं, ढोबळी मिरची, कांदा, काडीला टोचलेलं पनीर. (काड्या अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात, नाहीतर पनीरच्या आधी काडीच भाजून निघते.) शिवाय मांसासारखा लाल रस सुटणारा तो सोयाबर्गरही होताच. “मांस नको म्हणून हे खायचं, मग ते मांसासारखं कशाला?” काकूने विचारलं. अजून उत्तर शोधतोय.

यजमानाने काकूसाठी जाळीच्या कोपऱ्यात फॉइल अंथरलं होतं. चिमटाही वेगळा, त्याला हिरवी चिकटपट्टी. आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्याची माहिती त्याला भावाने दिली होती. काकू तृप्त झाली. कणसाला तिखट-मीठ-लिंबू कसं चोळतात ते तिने खुणेने शिकवलं. तो पठ्ठ्या इतका खूश झाला, की नुकते कच्चे सॉसेज मांडलेले हात पँटला पुसून स्वतःच लिंबू घेऊन चोळायला लागला.

मी तोंड उघडलं.

“गप रे,” काकू म्हणाली, आणि कणसासाठी हात पुढे केला.