रोखायचं कुठे?

सोरायसिस म्हणजे त्वचेच्या पेशींची अवाजवी भरभराट, असा समज अनेक वर्षं होता. १९७९ साली सायक्लोस्पोरिन घेणाऱ्या रुग्णांचे चट्टे ओसरताना दिसले आणि त्या समजाला तडा गेला. हे औषध टी-पेशींना, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, आवरतं. म्हणजे दोष त्वचेवर दिसत असला, तरी तो पोसणाऱ्या पेशी रक्तातून येत होत्या. मग त्यांना वाटेतच अडवता येईल का?

पांढऱ्या पेशी सूज असलेल्या जागी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात आणि तिथून बाहेर पडतात, हे एकोणिसाव्या शतकातच सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं होतं. त्यामागचे रेणू १९८० च्या दशकात हाती आले. हार्वर्डच्या टिमथी स्प्रिंगर यांच्या प्रयोगशाळेने पांढऱ्या पेशींवरचा एलएफए-१ आणि त्याला धरणारा, रक्तवाहिनीच्या भिंतीवरचा आयकॅम-१ ओळखला. ही पकड सोडवली की पेशी त्वचेत शिरणार नाहीत, हा तर्क सरळ होता.

त्याच दशकात एक इशाराही मिळाला होता. काही बाळांच्या पांढऱ्या पेशींत ही पकड जन्मतःच नसते. त्यांची नाळ उशिरा गळते, जखमेत पू धरत नाही, जंतुसंसर्ग पाठ सोडत नाही. त्वचेला छळणारी पकडच शरीराला राखतही होती.

२००३ मध्ये अमेरिकेत एफालिझुमॅबला मंजुरी मिळाली. हे एलएफए-१ ला झाकणारं, आठवड्यातून एकदा टोचायचं प्रतिपिंड. ते अनेकांना लागू पडलं, पण थांबवताच काहींचा आजार उसळून येई. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ ते घेतलेल्या काही रुग्णांना जेसी विषाणूमुळे मेंदूचा जीवघेणा विकार झाला. २००९ मध्ये औषध बाजारातून गेलं. मुख्य चाचण्यांमध्ये यशाचं माप बारा आठवड्यांनी घेतलं होतं. हा धोका वर्षांनी उगवणारा होता.

त्यानंतर विचाराने दिशा बदलली. प्रश्न ‘रोखायचं कसं’ यावरून ‘रोखायचं कुठे’ यावर आला. २०१४ चं वेडोलिझुमॅब मुख्यतः आतड्याकडे जाणाऱ्या पेशींनाच अडवतं. २०१६ चं लिफिटेग्रास्ट तर एलएफए-१ लाच झाकतं, पण डोळ्यात थेंब घालून, कोरड्या डोळ्यांसाठी. जागेऐवजी रेणू बदलण्याचाही पर्याय होता: भारतात २०१३ मध्ये बायोकॉनचं इटोलिझुमॅब सोरायसिससाठी आलं. ते सीडी-६ हा वेगळा रेणू धरतं.

त्वचेपुरता मार्ग शोधण्याचा प्रयत्न त्याआधीच झाला होता. त्वचेकडे जाणाऱ्या टी-पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीवरचा ई-सिलेक्टिन हा रेणू धरून थांबतात, म्हणून त्याविरुद्धचं प्रतिपिंड सोरायसिसमध्ये तपासलं गेलं. गुण आला नाही. पेशींना एक वाट बंद झाली तरी दुसऱ्या असाव्यात. शेवटी सोरायसिसचे उपचार पेशींची वाट अडवण्याऐवजी आयएल-१७ आणि आयएल-२३ या त्यांच्या संदेशांवर स्थिरावले.

म्हणून चिकटण्याची कल्पना चुकीची ठरली असं नाही. रेणू आजारात भाग घेतो, एवढ्यावर तो औषधाचं लक्ष्य ठरत नाही, हे तिने शिकवलं. तो आणखी कुठे, कोणाच्या रक्षणासाठी राबतो, याचा हिशोब आधी मांडावा लागतो. आणि तो तपासायला चाचणी पुरेशी लांबवावी लागते.