मूळचे इंजिन

एखादी वस्तू ‘तीच’ आहे असे आपण नेमके केव्हा म्हणतो? सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा प्रश्न प्रथम समोर आला, तेव्हा तो आम्हांस परीक्षेपुरताच वाटला होता. ग्रीक वीर थिसियस याचे तीस वल्ह्यांचे जहाज अथेन्सच्या लोकांनी जतन केले. कुजलेली फळी काढून नवी बसवता बसवता जहाज तेच राहिले की निराळे झाले, यावरून तत्त्वज्ञांत दोन तट पडले, असे प्लुटार्क सांगतो. आम्ही उत्तर पाठ केले, गुण मिळवले आणि विसरून गेलो. गेल्या उन्हाळ्यात मात्र बीड जिल्ह्यातील आष्टी येथे, एका परिचित कुटुंबाच्या अंगणात, तोच प्रश्न साखळीला टांगलेला आम्ही पाहिला.

घरातील वडीलधारे पंच्याऐंशीच्या घरातले निवृत्त मुख्याध्यापक. सारे त्यांना गुरुजी म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. १९७९ साली त्यांनी एका डॉक्टरांची १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट विकत घेतली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. पुढे हिचीच बहीण पद्मिनी नावाने घरोघर गेली आणि टॅक्सी होऊन २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर धावली. त्या काळी नवी मोटार हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. दुष्काळी मुलखातील मास्तरला जुनीच बरी. अडलेल्या बाळंतिणी, दहावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, नवरानवरी, एकदा तर आजारी शेळीसुद्धा त्या गाडीने वाहून नेली. आष्टीला रेल्वे आली ती २०२२ साली. तोवर अडीअडचणीला हीच धावे.

गेली दहा वर्षे मात्र ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. इंजिन जाम झालेले. मुलांनी विकायचे ठरवले, आणि पुण्याहून एक हौशी गृहस्थ पाहून गेले. त्यांची अट एकच : गाडी मूळ स्वरूपातील हवी. अट लहरीची नव्हे. २०२१ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत भर घातली. पन्नास वर्षांवरील, मूळ रूपातील, सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांना त्यानुसार ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी नोंदणी मिळते, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मूळपणाला असे सरकारी मोल आले की बाजारातही भाव चढतो. मुलांनी म्हणूनच ठरवले की आधी इंजिन काढून खोलावे, दुरुस्त करावे, मग सौदा.

आम्ही सकाळी सहज भेटीस गेलो आणि दुपारपर्यंत तेथेच अडकलो. कड्याचा मेकॅनिक आला होता. अबोल, पण काम पाहण्यासारखे. आधी बॅटरीची अर्थिंगची तार सोडवली. बॉनेट उतरवण्यापूर्वी बिजागरीभोवती खडूने रेघ ओढली, परत बसवताना अंदाज लागावा म्हणून. रेडिएटरचे पाणी काढले तेव्हा ते गंजाने चहासारखे निघाले. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने आतून थर धरला होता. मग रेडिएटर, कार्बोरेटरची नळी, डायनामो आणि स्टार्टरच्या तारा, सायलेन्सरचा पाइप. प्रत्येक तारेला चिठ्ठी, आणि जो बोल्ट ज्या भोकातून निघाला तो शक्यतो त्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवलेला. गिअरबॉक्सखाली लाकडाचा ठोकळा सरकवला. शेवटी फाउंडेशनचे बोल्ट सुटले. बोअरमधली मोटर वर ओढायची तीन पायांची लोखंडी घोडी शेजाऱ्यांकडून आणली होती. तिच्या चेनपुलीवर इंजिन इंचाइंचाने वर आले. पोरांना त्याने ओट्यावर पिटाळले आणि मोठ्यांनाही बजावले, ‘टांगलेल्या वजनाखाली हातसुद्धा घालायचा नाही.’ खोलणाऱ्याला जोडायचेही भान हवे, हे त्या माणसाला सांगावे लागले नाही. आमच्या धंद्यात, म्हणजे माणसांची मने उघडण्याच्या धंद्यात, हे भान कितीजणांना असते, याचा विचार करीत आम्ही उभे होतो.

धाकटा मुलगा म्हणाला, ‘फादर, गाडीचा आत्माच बाहेर आला की!’ आम्ही हसलो, पण मान्य केले नाही. अ‍ॅरिस्टॉटल आणि त्याच्या मागून संत थॉमस अक्विनास सांगतात की आत्मा हे सजीवाचे रूप. तो गेला की देह केवळ नावापुरता देह उरतो. माणसाने घडविलेल्या वस्तूला असे रूप नसते, तिची एकता हातांनी जुळवलेली असते. म्हणूनच इंजिन काढलेली गाडी मेलेली नव्हे. ती थांबलेली असते.

इतक्यात मेकॅनिकने फडक्याने ब्लॉकवरची ओंगळ पुसायला घेतली. खाटेवरून गुरुजींनी इंजिनाचा नंबर म्हणून दाखवला. ४५ वर्षांपूर्वी नोंदणीपुस्तकावरून पाठ केलेला. थोरल्या मुलाने पुस्तक उघडून मान डोलावली. मग ब्लॉक वाचला आणि मान थांबली. आकडे निराळे होते. चासीचा नंबर जुळत होता, इंजिनाचा नाही. गुरुजींना ऐकू कमी येते, दिसतेही कमी. त्यांना काही कळले नाही.

थोरल्याने आम्हांला शेडमागे नेले. त्याचे दोन प्रश्न होते. विकत घेणाऱ्याला सांगावे काय? आणि दादांना सांगावे काय? पहिल्यात एक उपप्रश्नही दडलेला होता. कुणी दलालाने त्याला सुचवले होते की आकडे घासून हवे ते ठोकून देता येतात.

पहिल्याचे उत्तर अवघड नव्हते. विकणाऱ्याने वस्तूतील लपलेला दोष घेणाऱ्यास सांगितला पाहिजे, असे संत थॉमस स्पष्ट म्हणतात. मूळचे इंजिन म्हणून भाव मागायचा आणि गप्प बसायचे, म्हणजे त्या गृहस्थाच्या खिशातून उचलणेच झाले. आकडे ठोकणे तर सरळ खोटा दस्तऐवज. परिवहन कार्यालयात बदलाची नोंद करावी, भाव पडला तर पडू द्यावा. थोरला काही बोलला नाही. त्याला किती रक्कम सुटत होती ते आम्हांला ठाऊक होते, कारण तीवर घरातल्या एका आजारपणाचा खर्च ठरला होता.

दुसऱ्या प्रश्नापाशी मात्र आम्हीच अडखळलो. संत ऑगस्टिन यांनी खोटेपणाविषयी दोन ग्रंथ लिहिले. त्यांपैकी एकात एक रुग्ण आहे; त्याचा एकुलता मुलगा वारला आहे आणि तो विचारतो, माझा मुलगा जिवंत आहे ना? खरे ऐकून तो मरेल. ऑगस्टिन येथे हेलावतात, तरी खोटे बोलण्याची मुभा देत नाहीत. थॉमस एक फट ठेवतात : सत्य शहाणपणाने झाकून ठेवता येते, खोटे सांगता येत नाही. म्हणजे एकाच गोष्टीबद्दल पुण्याच्या गृहस्थाजवळचे मौन चोरी, आणि गुरुजींजवळचे मौन कदाचित दया. पण हे मौन विचारले जाईपर्यंतच. शिवाय आमच्या मनात आणखी एक शंका होती. गुरुजींनी जिच्यावर जीव लावला, जिने वर्षानुवर्षे इमाने ओझे वाहिले, ती याच इंजिनाची गाडी होती. ‘मूळचे’ कोणते? ज्यावर कारखान्याने शिक्का मारला ते, की ज्याच्या आवाजाने मुले झोपी गेली ते?

आम्ही थोरल्याला एवढेच म्हणालो की आपण होऊन सांगू नकोस, पण विचारले तर खोटे बोलू नकोस.

अंगणात परतलो तर गुरुजी वाटच पाहत होते. ‘नंबर जुळला का रे?’

थोरल्याने आमच्याकडे पाहिले. मग खाटेजवळ उकिडवा बसला आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, ‘नाही दादा. इंजिन दुसरंच आहे.’

गुरुजी बराच वेळ टांगलेल्या इंजिनाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘१९८६ साली गाडी तीन आठवडे शहरातल्या गॅरेजात होती. परत आली तेव्हा हलकी चालायला लागली. मला वाटलं, दुरुस्ती चांगली झाली.’ ते थोडे हसले. पुन्हा गप्प झाले.

मेकॅनिकने साखळी सैल करून इंजिन जुन्या टायरवर अलगद टेकवले.

‘मग फादर,’ गुरुजींनी विचारले, ‘आमचं इंजिन कुणाच्या गाडीत असेल?’