शंभरावे मेंढरू



लूकच्या शुभवर्तमानातील (अध्याय 15) हरवलेल्या मेंढराचा दाखला आपण इतक्या वेळा ऐकला आहे, की त्यातील एक साधी गोष्ट निसटून जाते. मेंढपाळ शोधायला निघाला, त्याआधी त्याने मेंढरे मोजली होती. एरवी नव्व्याण्णव असली तरी कळप भरलेलाच दिसतो!

आपल्या धाराशिव जिल्ह्यात मोजण्याचे हे काम शाळेतले गुरुजी आणि बाई रोज हजेरीपटावर करतात. दसरा-दिवाळी झाली, की परंडा, भूम, वाशी, कळंब भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. आईबापांबरोबर मुलेही जातात. पटावर नाव असते, बाकावर मूल नसते. मुलगी मोठी असेल तर कोपीवर धाकट्यांना सांभाळणे तिच्याच वाट्याला येते. हंगाम संपून परतल्यावर वर्गात बसायची तिला लाज वाटते.

शाळेसाठी झिजणारी माणसे या मातीला नवीन नाहीत. लोहारा तालुक्यातील हिप्परगा या खेड्यात, निजामी राजवटीत, 1921 मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली. तेव्हा सरकारी शिक्षणात उर्दूचा अंमल होता. कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केलेले व्यंकटेश खेडगीकर पुढे या शाळेचे मुख्याध्यापक झाले. तेच स्वामी रामानंद तीर्थ. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून त्यांना सारे ओळखतात, खेड्यातले हेडमास्तर म्हणून फार थोडे. मला त्यांचे हे दुसरे रूप अधिक भावते.

आज कायदा आपल्या बाजूने आहे. 2010 पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. (सही करून, चहा पिऊन परतणारेही त्यात मोजले जातात, हे सोडा!) हंगामी वसतिगृहाच्या योजनेत मूल गावातच आजीकडे किंवा नातेवाइकांकडे राहते आणि त्याच्या जेवणाची सोय होते. पण कायद्याचा हक्क चौदाव्या वर्षापर्यंतच. नववी-दहावीच्या मुलीसाठी उरतात ते शेजारी, म्हणजे तुम्ही-आम्ही. एका घरात एक ताट वाढले, तर तिचे दहावीचे वर्ष वाचू शकते.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडेल, त्या संध्याकाळी आपल्या मुलांना विचारा, आज वर्गात कोण आले नाही? त्यांना ते ठाऊक असते.