अक्षरांची उंची

मालगाडीच्या जुन्या वाघिणींच्या चिमुकल्या प्रतिकृती घरी बनवणारे हौशी लोक इंग्लंडमध्ये पुष्कळ आहेत. त्यांचं एक रूढ माप आहे: खरा एक फूट म्हणजे टेबलावर चार मिलिमीटर. सांगाडा जोडणं, करडा रंग देणं तसं लवकर उरकतं. कस लागतो तो अक्षरांत.

ग्रेट वेस्टर्न रेल्वेने 1904 पासून वाघिणींवर आपली आद्याक्षरं 25 इंच उंच रंगवली. प्रतिकृतीत ती आठ मिलिमीटरच्या वर भरतात. पुढे ती आखडत गेली आणि 1936 च्या सुमारास पाच इंचांवर आली, म्हणजे इथे दोन मिलिमीटरसुद्धा नाहीत! पाण्यात भिजवलेलं छापील अक्षरांचं ट्रान्सफर चिमट्याने उचलायचं, ओल्या ब्रशच्या टोकाने सरळ करायचं, तेही श्वास रोखून.

एवढं करून 1930 सालच्या गाडीला पाच इंची अक्षरं लागली, तर जाणकार नेमकं तिथेच बोट ठेवणार. काहींना हा खुळेपणा वाटेल. मला तो अनाम रंगाऱ्यांचा मान वाटतो. उलट, म्हणजे नंतरच्या गाडीवर जुनी मोठी अक्षरं, मात्र चालतं. नवा नियम आला म्हणून जुनी अक्षरं पुसायला कोणी धावत नसे. रंगकामाची पाळी येईपर्यंत वाघीण तशीच फिरायची. त्यामुळे 1938 च्या गाडीत दोन्ही तऱ्हा शेजारीशेजारी दिसल्या, तरी ते बरोबरच असतं.