शरीरयात्रा आणि नवा गुडघा (गीता ३.८)



आजचा श्लोक तिसऱ्या अध्यायातला आठवा. अर्जुनाचा प्रश्न आठवा: ज्ञान जर कर्मापेक्षा मोठं, तर मला या भयंकर कामात का ढकलतोस? भगवंत टप्प्याटप्प्याने उत्तर देतात. पाचव्या श्लोकात सांगतात की काहीही न करता क्षणभरही कोणी राहू शकत नाही. सहाव्यात जरा कडक होतात: हातपाय आवरून बसायचं आणि मनात विषय घोळवत राहायचे, हे ढोंग आहे. आणि आठव्यात म्हणतात, तुझं नियत कर्म कर, न करण्यापेक्षा करणं श्रेष्ठ, अरे काहीच केलं नाहीस तर तुझी शरीरयात्रासुद्धा चालायची नाही.

मला हा शेवटचा भाग फार आवडतो. कुरुक्षेत्रावर दोन सैन्यांच्या मधोमध एवढी मोठी चर्चा चालली आहे आणि देव एकदम शरीरावर येतात. शरीरयात्रा म्हणजे साधारणपणे देहाचा निर्वाह, पोटापाण्याची सोय. तो अर्थ आहेच. पण देवांनी देहाला यात्रा हा शब्द जोडला, आणि सध्या आमच्या घरात तो अगदी शब्दशः चालू आहे. हॉलपासून देवघरापर्यंत, देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत, वॉकर घेऊन.

आईचं वय ६९. उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आज सात आठवडे झाले. गुडघा बदलणं म्हणजे नक्की काय, हे मला आधी नीट माहीत नव्हतं. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक थोडं कापून तिथे धातूचे भाग बसवतात आणि दोघांच्या मध्ये पॉलिथिलिनचा थर असतो. म्हणजे सांधा नवा. पण त्याला हलवणारे मांडीचे स्नायू तेच, जुने. आणि ते आधीची पाच-सहा वर्षं गुडघा दुखतो म्हणून कमी वापरलेले, त्यात ऑपरेशनने आणखी दुबळे झालेले. आमच्या भाषेत सांगायचं तर पार्ट बदलून मिळतो, पण सिस्टिम पुन्हा चालू करायचं काम सर्जन घरी येऊन करत नाही.

म्हणून तर ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी तिला उभं केलं. पाहायला आलेली मंडळी हबकली. "अगं, टाके ओले आहेत अजून!" पण पडून राहण्याचे धोकेच जास्त. पोटरीच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, म्हणून झोपल्या झोपल्याही पायाचे पंजे वर-खाली करायचे. गुडघा हलवला नाही तर आत व्रणाच्या गाठी धरतात आणि तो आखडतो. गुडघ्याखाली मऊ उशी घेऊन पडायला फार बरं वाटतं, पण तसं रोज केलं तर पाय पूर्ण सरळ होत नाही. म्हणून उशी बंद. त्याऐवजी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा खाली दाबायचा. दुखतं. बर्फ लावून पुन्हा करायचं.

आता खरी गोष्ट. आईला बसवून ठेवायला निघाले ते सगळे तिच्यावर प्रेम करणारे लोक. आत्याचा साताऱ्याहून रोज फोन: "वहिनी, आयुष्यभर केलंत, आता पोरं आहेत ना? बसून हरिनाम घ्या." शेजारच्या काकू पाण्याचा ग्लाससुद्धा हातात आणून देतात. कोणाचाही हेतू वाईट नाही. पण आठवा श्लोक वाचला की वाटतं, भगवंतांनी अर्जुनाला नेमकं हेच नाकारलं. त्यालाही बसायचंच होतं, आणि कारणही किती चांगलं दिलं होतं! न करण्याला वैराग्याचं किंवा विश्रांतीचं नाव दिलं म्हणून देहाचा हिशोब बदलत नाही. आईचा पाण्याचा ग्लास तिने उठून घेतला तर दिवसातून दहा वेळा खुर्चीतून उठणं होतं, आणि खुर्चीतून उठणं हा व्यायामच आहे.

पण श्लोकातला 'नियत' शब्द सोडू नका. नुसतं 'कर' म्हटलेलं नाही, नेमून दिलेलं कर म्हटलंय. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी तिसऱ्याच आठवड्यात मनगटावरच्या बँडवर पाच हजार पावलं पूर्ण करायचा चंग बांधला. गुडघा सुजून दोन दिवस पलंगावर. सहाव्या अध्यायात १६ आणि १७ या श्लोकांत योग कोणाला जमतो ते सांगितलंय. फार खाणाऱ्याला नाही आणि उपाशी राहणाऱ्यालाही नाही, आहार-विहार, कष्ट आणि झोप ज्याची मापात आहे त्याला. विहार म्हणजे हिंडणं-फिरणं! तेव्हा फिजिओथेरपिस्टने जो कागद दिलाय, तेच आईचं सध्याचं नियत कर्म. चालणं, नंतर स्थिर सायकल, जखम पूर्ण भरल्यावर पोहणं चालतं. धावणं आणि उड्या नकोत. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. काठी विरुद्ध हातात. आणि पोटरी अचानक सुजली किंवा दुखली, ताप आला, जखमेतून पाणी आलं, दम लागला, तर चिंतन वगैरे बाजूला ठेवून थेट डॉक्टरांना गाठायचं.

आईचं दुःख मात्र वेगळंच होतं. एक दिवस देवघरासमोर खुर्चीत बसली आणि गप्प झाली. मग म्हणाली, "अरे, मांडी घालता येत नाही, साष्टांग घालता येत नाही. देवापेक्षा उंच बसून कसलं रे पारायण?" चाळीस वर्षं पाटावर बसून ज्ञानेश्वरी वाचलेली बाई. मांडी घालू नका, उकिडवं बसू नका, असं तिच्या सर्जननी सांगितलंय, बहुतेक सर्जन तसंच सांगतात. यावर 'भाव महत्त्वाचा' असं म्हणून उडवून लावणं सोपं होतं, पण मला ते पुरेसं वाटलं नाही. तिचा प्रश्न खरा होता. म्हणून आम्ही दोघांनी सहावा अध्यायच काढला. अकराव्या श्लोकात आसन सांगितलंय: फार उंच नको, फार खाली नको. तेराव्यात काय सांभाळायचं तर पाठ, मान, डोकं एका रेषेत आणि स्थिर. पतंजलींचीही अट स्थिर आणि सुखाचं असावं एवढीच. खुर्चीत ताठ बसून हे सगळं होतं. आई बराच वेळ पान बघत राहिली, मग म्हणाली, "चौरंग उंच करून दे." देव आता टेबलावर आहेत, तिच्या नजरेपेक्षा जरा वर. तेवढ्याने तिचा प्रश्न मिटला.

कोणी म्हणेल, या वयात कशाला एवढं. अटलजींचा डावा गुडघा २००० मध्ये मुंबईत ब्रीच कँडीला बदलला, उजवा २००१ मध्ये. पहिल्या वेळी वय ७५, आणि पंतप्रधानपद चालूच होतं. डॉ. चित्तरंजन रानावत यांनी ती ऑपरेशन्स केली. नंतर २००४ पर्यंत त्यांनी देशाचा कारभार पाहिला.

तुमच्यापैकी अनेकांचे आई-बाबा गावी आहेत, तुम्ही पुण्या-मुंबईत किंवा परदेशात. पैसे पाठवणं, बाई लावणं होतंच. त्यात एक जोडा: रोज ठरलेल्या वेळी फोन लावायचा आणि ते चालत असताना बोलायचं. जवळ असाल तर त्यांच्या वेगाने शेजारून चाला. (कठीण आहे हे, आपले पाय आपोआप पुढे जातात.)

आई रोज रात्री कालनिर्णयवर गुडघा किती अंशांपर्यंत वाकला ते लिहिते. सोमवारी ९८, मंगळवारी १०१, काल परत ९६. काल चेहरा पडला होता. मी काही बोललो नाही, दुसऱ्या अध्यायातला ४७ वा श्लोक तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. आज सकाळी कागदावरचे सगळे व्यायाम करून सोसायटीतल्या मारुतीला गेली. तीन प्रदक्षिणांपासून सुरुवात केली होती, आज अकरा झाल्या.

उद्या ३.९, यज्ञासाठी कर्म. राम कृष्ण हरी.