आल्यागेल्यासाठी

आमच्या घरात माणसं दोन आणि डबे एक्केचाळीस. हे मी स्वतः मोजलेले आहेत. त्यात लोणच्याच्या बरण्या धरलेल्या नाहीत, आणि माळ्यावर जे एक पत्र्याचं पिंप आहे, त्यात काय आहे हे विचारायचं नाही असा आम्हा नवरा-बायकोत अलिखित करार आहे.

निवृत्त झाल्यावर पहिल्या महिन्यात माणसाला घर सुधारावंसं वाटतं. मलाही वाटलं. सौ. भाचीच्या डोहाळजेवणाला गेलेली पाहून मी फडताळ लावायला घेतलं. कचेरीत आयुष्यभर फायली लावल्या, डाळी काय चीज आहेत! रोजचं खालच्या फळीवर, अधूनमधून लागणारं मधल्या, सणावाराचं वर. जुना माल पुढे, नवा मागे. प्रत्येक डब्यावर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी. संध्याकाळी सौ. आली, फडताळ उघडून निःशब्द उभी राहिली. मला वाटलं, गहिवरली. मग म्हणाली, "हिंग कुठाय?"

हिंग आठव्या दिवशी सापडला. तोवर सौ.ने सगळं पहिल्यासारखं लावून टाकलं होतं. चिठ्ठ्या मात्र चांगल्या खळीने चिकटवलेल्या, त्या निघाल्या नाहीत. त्यामुळे आजही आमच्याकडे 'साखर' या डब्यात पोहे आहेत आणि 'साबुदाणा' उघडला की साखर निघते. सौ. चिठ्ठी वाचतच नाही. डबा नुसता हलवते आणि आवाजावरून आत काय आहे, किती आहे आणि किती दिवस पुरेल ते सांगते.

मे महिना आला की आमच्या गच्चीवर जुन्या चादरी पसरतात आणि त्यांवर वर्षाचं धान्य. गव्हात वाळवलेला कडुनिंबाचा पाला, तांदळाला बोरिक पावडर, तुरीच्या डाळीला एरंडेल. एरंडेल चोळण्याचं खातं माझ्याकडे. एवढं करूनही पावसाळ्यात सोंडे निघतातच. या किड्याची मादी दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि भोक लिंपून टाकते. अळीचं सगळं बालपण त्या एका दाण्यात पार पडतं. हे वाचल्यापासून सोंडे निवडताना मला थोडं ओशाळल्यासारखं होतं. त्याला एक दाणा पुरतो, आणि आम्ही दोघं!

एकदा भीत भीत विचारलं, "दोघांना एवढं कशाला?"

"आल्यागेल्याला नको?"

हा 'आला-गेला' आमच्या घरातला सर्वांत महत्त्वाचा माणूस. त्याच्यासाठी रवा भाजून ठेवलेला असतो, त्याच्यासाठी पापड असतात, त्याच्यासाठी तूरडाळ दोन किलो जास्तीची असते. फक्त तो येत नाही. शेवटची गाडी चुकलेला, हातात पिशवी आणि तोंडावर "सहज आलो" असा भाव असलेला तो मनुष्य मी कित्येक वर्षांत पाहिलेला नाही. हल्लीचे पाहुणे आधी फोन करून येतात आणि बिनसाखरेचा अर्धा कप चहा घेऊन जातात.

माझ्या लहानपणी तो यायचा. १९७२च्या दुष्काळात तर फारच यायचा. मी बारा वर्षांचा होतो. रेशनवर अमेरिकेहून आलेली मिलो मिळायची, तिच्या तांबड्या भाकऱ्या. आईचे डबे मोजून सहा, त्यांतले दोन हलवले तर आवाज यायचा नाही. गावाकडून कामाच्या शोधात कोणी ना कोणी दारात उभं राहायचं. आई डोकी मोजायची, आमटीत तांब्याभर पाणी ओतायची आणि आणखी एक पाट मांडायची. आमटीचा रंग पाहून घरात किती माणसं आहेत ते सांगता येई.

साठवण आणि साठेबाजी यांच्यातली रेघ नेमकी कुठे असते, हा प्रश्न मला पुढे पडला. व्यापाऱ्यापुरतं उत्तर सोपं आहे. १९५५चा जीवनावश्यक वस्तूंचा कायदा आहे, त्याखाली सरकारला साठ्यावर मर्यादा घालता येते. २०१५ साली तूरडाळ दोनशे रुपयांच्या घरात गेली आणि गोदामांवर छापे पडले, तेव्हा पेपर वाचता वाचता मी साठेबाजांना यथेच्छ शिव्या दिल्या. पण खरं सांगू? आमची डाळ उन्हाळ्यातच भरून झाली होती, आणि भाव दहा रुपयांनी चढला की मला आतून गुदगुल्या व्हायच्या. विकायची नव्हती, विकली असती तर घेणार कोण? तरी दुसऱ्याला महाग पडतंय यात एक गोडी होती. हा गुन्हा कोणत्या कलमाखाली बसतो ते मला अजून सापडलेलं नाही.

मग २०२०चा मार्च आला. २४ तारखेला रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि सव्वाआठला आम्ही दोघं वाण्याच्या रांगेत होतो. वाणी तूरडाळ माणशी दोनच किलो देत होता. म्हणून मी पुढे उभा राहिलो आणि सौ.ला माझ्यामागे आठ माणसं सोडून उभं केलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, पण त्या रात्री अर्धा तास आम्ही एकमेकांना ओळखत नव्हतो. एकदा चुकून नजरानजर झाली, तर मी दुसरीकडे पाहिलं. चार किलो मिळाली. घरात मागच्या सालची तीन होती.

दहा-बारा दिवसांनी दुपारी बेल वाजली. इमारतीचा वॉचमन. बायको आणि दोन मुलं घेऊन जिन्याखालच्या खोलीत राहायचा. ठेकेदाराने पगार थकवला होता. तोंडावर रुमाल बांधून, दारापासून चार हात लांब उभा राहून म्हणाला, "साहेब, दोन वाट्या डाळ असली तर... पगार झाला की आणून देतो."

मी म्हटलं, "आमचीच संपत आलीय रे."

विचार करून म्हटलं असतं तर निदान विचाराला दोष देता आला असता. तोंडातून ते आपोआप गेलं. तो "बरं साहेब" म्हणाला आणि उतरला. मी दार लावलं. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाचं कोठार लोकांना मोकळं केलं, ही कथा लहानपणी ऐकताना मला नेहमी वाटायचं की त्यांच्या जागी आपण असतो तर हेच केलं असतं. आता पहिल्यांदाच लक्षात आलं, की कोठार बादशहाचं होतं.

सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. काही बोलली नाही. तिने एक डबा हलवला, दोन वाट्या नाही, चांगली दीड किलो डाळ पिशवीत ओतली, आणि पदर तोंडाला लावून खाली गेली. मी गॅलरीतून ऐकत होतो.

"मागच्या डब्यात होती रे. ह्यांना कुठे माहीत असतं घरात काय आहे ते!"

खोटं माझं होतं. तिने मला वेंधळा ठरवून ते झाकलं. वॉचमनने मान वर करून गॅलरीकडे पाहिलं. मी तुळशीला पाणी घालू लागलो. सकाळी घातलेलं होतं.

जूनमध्ये तो एक पुडा घेऊन वर आला. मोजून दीड किलो. "काकूंना द्या," म्हणाला. मला एवढंच. 'साहेब' नव्हतं. की होतं आणि मला ऐकू आलं नाही, कोण जाणे. पुढे ठेकेदार बदलला आणि तोही गेला.

यंदाच्या मे महिन्यातही गच्चीवर चादरी पसरल्या. वाण्याला यादी सांगताना सौ.ने विचारलं, "तूरडाळ किती सांगू?"

"दोघांना आठ पुरेल."

"दहा सांगते. आल्यागेल्याला..." एवढं म्हणून ती थांबली आणि एरंडेलाची वाटी माझ्याकडे सरकवली.

दुपारी मी डाळीला एरंडेल चोळत बसलो होतो. बेल वाजली.

"बघा हो कोण आलंय," सौ. आतून म्हणाली.

"माझे हात तेलाचे आहेत," मी म्हटलं. "तूच बघ."