देणारा धनको की ऋणको?

चेन्नईहून बंगळुरूच्या महामार्गाने निघाले की सुमारे ४० किलोमीटरवर श्रीपेरुंबुदूर लागते. हे श्रीरामानुजाचार्यांचे जन्मस्थान. परंपरेनुसार त्यांचा जन्म इ. स. १०१७ चा. तेथील आदिकेशव पेरुमाळ मंदिरात आजही त्यांचा जन्मोत्सव मोठ्या भक्तिभावाने होतो. मंदिराच्या पंचक्रोशीत मात्र आता मोटारींचे आणि मोबाईलचे मोठमोठे कारखाने उभे आहेत. पाळी बदलायची वेळ झाली की कामगारांच्या बसगाड्यांची रांग लागते.

रामानुजाचार्यांची एक कथा आपल्यापैकी अनेकांनी सत्संगात ऐकली असेल. मंत्रोपदेशासाठी ते तिरुकोष्टियूरला गोष्ठीपूर्णांकडे गेले. गुरूंनी त्यांना पुन्हा पुन्हा परत पाठवले आणि अठराव्या वेळी उपदेश दिला. त्याला अट होती : हा मंत्र अपात्र माणसाला सांगायचा नाही, सांगणारा नरकात जाईल. रामानुज थेट मंदिराच्या उंच भागावर चढले आणि जमलेल्या सगळ्यांना त्यांनी तो मंत्र मोठ्याने सांगितला. गुरू रागावले, तेव्हा त्यांचे उत्तर एवढेच होते, की इतके जण तरणार असतील तर मी एकटा नरकात जायला तयार आहे.

ही कथा आपण करुणेची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण अलीकडे तिच्यात मला एक वेगळा प्रश्न दिसू लागला. मिळालेल्या विद्येचे ऋण फेडायचे कोणाला?

प्रश्न सुचला तो एका शब्दामुळे. वाणिज्य शाखेत शिकता शिकता मी सेवा म्हणून अनुवाद करते. तमिळनाडूतील साधकांच्या विद्यार्थी-साहाय्य सेवेचा एक हिंदी वृत्तांत मराठीत आणत होते. कॉलेजची फी, वसतिगृह, पुस्तके, इंग्रजीची शिकवणी, असे सगळे त्यात होते. आणि प्रत्येक परिच्छेदात एक शब्द होता, 'लाभार्थी'. मराठीतही तोच शब्द चालतो, बदलायची काहीच गरज नव्हती. तरी तिथे मी अडले.

मी आठवीत असताना एका मंडळाने आमच्या शाळेत वह्यावाटप केले होते. 'गरीब व होतकरू विद्यार्थी' म्हणून माईकवर माझे नाव पुकारले गेले. छायाचित्रकाराची तयारी होईपर्यंत मी वह्यांचा गठ्ठा हातात धरून व्यासपीठावर उभी होते. वह्यांच्या मुखपृष्ठावर देणाऱ्यांचे छायाचित्र छापलेले होते. घरी आल्यावर आईने न विचारताच सगळ्या वह्यांना खाकी कव्हरे घातली. त्या वह्या मी शेवटच्या पानापर्यंत वापरल्या, त्यांचा उपयोगही झाला. पण वर्षभर एखादे कव्हर फाटले की मी ते आधी चिकटवायचे आणि मग अभ्यासाला बसायचे.

त्या मंडळाने काही वाईट केले असे मी म्हणणार नाही. वह्या दिल्या, हे खरेच आहे. पण देणे आणि घेणे यांच्यामध्ये काहीतरी चुकत होते. ते काय, हे समजायला मला वाणिज्याचे साधे शब्द कामी आले. व्यवहारात दोन बाजू असतात : ज्याचे येणे आहे तो धनको आणि ज्याला द्यायचे आहे तो ऋणको. शिष्यवृत्ती देणारा स्वतःला नकळत धनको समजतो. पैसे परत मागत नाही. पण आभार, छायाचित्र, चांगले गुण आणि नम्र वागणूक यांच्या रूपाने तो आपले येणे वसूल करत राहतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीच्या अपेक्षेने दिलेल्या दानाला राजस म्हटले आहे. परतफेड पैशातच व्हावी लागते, असे काही नाही.

आपल्या परंपरेने माणूस जन्मतः तीन ऋणे घेऊन येतो असे मानले : देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. त्यातले ऋषिऋण विद्येचे. ते ऋषींना काही परत देऊन फिटत नाही. स्वतः अध्ययन करून आणि ती विद्या पुढच्याला देऊनच फिटते. मग शिष्यवृत्ती देणारा कोण ठरतो? ज्याला कधीतरी कोणीतरी शिकवले, तो. म्हणजे तो स्वतःच ऋणको आहे, आणि समोरच्या विद्यार्थ्याच्या रूपाने आपले जुने देणे चुकते करतो आहे. तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला गुरू जो उपदेश करतात, त्यात देताना मनात संकोच असावा असेही सांगितले आहे. देणाऱ्याने का संकोचावे, हे मला पूर्वी कळत नसे. आता वाटते, देणे चुकते करायला उशीर झालेला माणूस थोडा संकोचलेलाच असतो.

आपल्या इतिहासातले एक उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी तरुण भीमराव आंबेडकरांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. ती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांसाठी होती. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानात नोकरी करायची, असा करार होता. १९१७ साली बाबासाहेब बडोद्यात रुजू झाले; पण अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागा मिळेना. नाव बदलून ते पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. शेवटी काही तास सार्वजनिक बागेत बसून त्यांनी मुंबईची गाडी पकडली.

यातून दोन गोष्टी समजतात. पहिली अशी, की शिष्यवृत्तीने विद्यापीठाचा दरवाजा उघडला, पण घराचा दरवाजा समाजालाच उघडायचा होता आणि त्याने तो उघडला नाही. फी भरली म्हणजे साहाय्य पूर्ण झाले असे नसते. दुसरी, करारातली दहा वर्षे पूर्ण झाली नाहीत, म्हणून ऋण बुडाले का? बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, त्यानंतर औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. त्या वर्गांत बसलेल्या पिढ्या मोजायच्या म्हटल्या तर कराराचा कागद फार लहान वाटतो. मंदिराच्या उंच भागावर चढलेल्या रामानुजांनीही हेच केले होते. गुरूंचे ऋण त्यांनी खाली उभ्या असलेल्या लोकांना फेडले.

इथे एक अडचण आहे आणि ती टाळून चालणार नाही. मंत्र हजारांना सांगितला तरी कमी होत नाही. पैसा कमी होतो. दहा जणांची सोय असेल आणि अर्ज चाळीस आले, तर तीस जणांना नाही म्हणावे लागते. मग पात्र कोण? नुसते गुण पाहिले, तर ज्याच्या घरी अभ्यासाला स्वतंत्र खोली आहे तोच पुढे येतो. नुसते दारिद्र्य पाहिले, तर मुलांना आपले दारिद्र्य रंगवून सांगावे लागते, आणि तो धडा कोणत्याही मुलाने शिकू नये.

श्रीपेरुंबुदूरच्या भागाचा विचार केला तर प्रश्न आणखी कठीण होतो. बारावी झालेल्या मुला-मुलींसमोर कारखान्याचा दरमहाचा पगार उभा असतो. कॉलेजचा खरा खर्च फीएवढाच नसतो, तीन वर्षे न मिळणारा पगारही त्यात धरावा लागतो, आणि तो सबंध घर सोसते. तमिळनाडू सरकारने २०२२ साली 'पुदुमै पेण' योजना सुरू केली. सरकारी शाळेतून कॉलेजात गेलेल्या मुलींना तिच्यातून दरमहा १,००० रुपये मिळतात. पगारापुढे ही रक्कम लहान आहे, पण दर महिन्याला मुलीच्या खात्यात काहीतरी जमा होते याला घरात किंमत असते. चेन्नईची अगरम फाउंडेशन ही अभिनेते सूर्या यांनी २००६ साली सुरू केलेली संस्था. तिचा 'विदै', म्हणजे 'बीज', हा उपक्रम घराण्यातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलांसाठी आहे. स्वयंसेवक स्वतः मुलांच्या घरी जातात, आणि निवड झाल्यावर फीबरोबर राहण्याची सोय आणि मार्गदर्शनही दिले जाते. घरी जाणे मला महत्त्वाचे वाटते. त्यामुळे मुलाला कोणापुढे उभे राहून गरिबी सांगावी लागत नाही. पाहणारा स्वतः चालत येतो.

आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी वेगळी वाट काढली. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीरांनी वसतिगृहातल्या मुलांच्या हाताला काम दिले. आपण कोणाच्या उपकारावर शिकतो आहोत असे त्यांना वाटू नये, हा त्यामागचा विचार. त्याच वसतिगृहात मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. मुले श्रम करत होती आणि लक्ष्मीबाई त्याग करत होत्या. एकाच ताटावर बसलेल्या माणसांमध्ये धनको कोण आणि ऋणको कोण, हे कसे ठरवणार? पुण्यात १९५५ पासून काम करणारी विद्यार्थी साहाय्यक समितीही खेड्यांतून आलेल्या मुलांना राहण्या-जेवणाच्या सोयीबरोबर श्रमाची सवय लावत आली आहे.

म्हणजे अट असू नये असे नाही. हिशेबही हवाच, कारण तो पैसा अनेकांचा आहे. पण हिशेब पैशाचा ठेवावा, मुलाच्या गरिबीचा नव्हे. आणि कृतज्ञता? ती हवी, मनापासून हवी. मात्र ती घेणाऱ्याची साधना आहे, देणाऱ्याची वसुली नाही. एखादा विद्यार्थी नापास झाला किंवा मध्येच शिक्षण सोडून कारखान्यात गेला, तर धनको म्हणतो, "पैसे बुडाले." ऋणको म्हणतो, "मी माझे देणे दिले. आता त्याच्या घरी जाऊन, काय झाले ते विचारतो."

साधक बंधुभगिनींनो, जून जवळ आला की आपल्या केंद्रांवरही फी, वह्या, पुस्तके यांची सेवा सुरू होते. या वर्षी तीन छोटे संकल्प करता येतील. देताना मुलांचे छायाचित्र काढायचे नाही. फी शक्यतो थेट कॉलेजात भरायची. आणि ज्यांना नाही म्हणावे लागेल, त्यांच्या घरी स्वतः जाऊन ते सांगायचे आणि दुसरी कोणती वाट आहे ते त्यांच्याबरोबर बसून शोधायचे. नकारही अपमान न करता देता येतो.

त्या वृत्तांतात मी शेवटी 'लाभार्थी' शब्द ठेवला नाही. प्रत्येक ठिकाणी नुसते 'विद्यार्थी' लिहिले. वाक्याचा अर्थ कुठेच अडला नाही.